पणजीच्या फोंतेन्हासमध्ये जुन्या घरात चार रात्री : अनुभव, आणि काही प्रश्न

माजघर

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आईला घेऊन पणजीला चार रात्री राहून आले. समुद्रकिनारा या वेळी विषयच नव्हता. आई ७६ वर्षांची, तिला वाळूत चालवत नाही. मलाही गावात राहायचं होतं. म्हणून फोंतेन्हास या पणजीतल्या जुन्या वस्तीत एका जुन्या घराची डागडुजी करून हॉटेल केलंय, तिथे खोली घेतली. नाव इथे लिहीत नाही, जाहिरात वाटायला नको. हवं त्यांनी व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा.

कोकणकन्येने सकाळी करमळीला उतरलो आणि रायबंदरवरून पणजीत आलो. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला खाजणं (खाऱ्या पाण्याच्या सखल जमिनी), आणि मधून गेलेला तो सरळ बांधासारखा रस्ता. हा १६३३-३४ सालात पोर्तुगीज व्हाइसरॉय, लिन्हारिसचा काउंट, याच्या काळात बांधला, लांबी तीन किलोमीटरांहून थोडी जास्त. पणजीला राजधानीचा अधिकृत दर्जा मिळाला १८४३ साली, म्हणजे शहर नावारूपाला येण्याच्या दोनशे वर्षं आधी हा रस्ता होता. पाटो पूल ओलांडला, ओरेंची खाडी मागे पडली आणि पाचव्या मिनिटाला आम्ही पिवळ्या, निळ्या, गेरूच्या रंगाच्या घरांच्या गल्लीत होतो.

आमची खोली वरच्या मजल्यावर. भिंत इतकी जाड की खिडकीच्या कोनाड्यात मांडी घालून बसता येत होतं. खिडकीच्या खालच्या झडपांना काचेऐवजी शिंपल्यांचे चौकोन बसवलेले, लाकडाच्या बारीक पट्ट्यांत एकेक सरकवलेले. बाहेर कितीही ऊन असू दे, आत येणारा उजेड ताकाच्या निवळीसारखा. आई दुपारी झोपली नाही, त्या उजेडात बसून राहिली. पलंग उंच, चढायला लाकडी पाट ठेवलेला. जमीन फळ्यांची, त्यामुळे वरच्या पडवीत कुणी चाललं की कळतं. न्हाणीघर मूळ घरात नव्हतंच, मागच्या बाजूला नव्याने जोडलेलं आहे. मूळ भिंतीला नळासाठी कुठेही भोक पाडलेलं नाही, हे मालकांनी मुद्दाम दाखवलं.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते सांगते.

जिन्याजवळच्या भिंतीत त्यांनी हातभर चौकोन गिलावा न करता उघडा ठेवलाय. आत जांभ्याचे चिरे दिसतात, सांध्यांत चुना. आई तिथे थांबली. तिने तळवा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग म्हणाली, "आमच्या वेंगुर्ल्याच्या घराची भिंत अशीच गार लागायची." ते घर माझ्या आजोबांचं. ओटी, पडवी, माजघर, मागे विहीर. भावंडांत वाटण्या झाल्या, घर विकलं गेलं आणि घेणाऱ्याने दोन महिन्यांत पाडलं. मी तेव्हा नोकरीत नवीन होते, मला त्याचं फारसं काही वाटलं नव्हतं. आईला वाटलं होतं, पण ती कधी बोलली नाही. तीस वर्षांनी पणजीतल्या एका परक्या जिन्याजवळ बोलली. त्या रात्री तिने मला घराचा नकाशा कागदावर काढून दाखवला, अगदी पाणी तापवायचा हंडा कुठे असायचा तिथपर्यंत.

प्रश्न असे :
अशा दुरुस्त केलेल्या जुन्या घरांत, वाड्यांत कुणी राहिलं आहे का? कुठे?
दुरुस्ती खरोखर जुन्या पद्धतीने केलीय की वरवरची, हे आपल्यासारख्यांनी कसं ओळखायचं?
आणि कोकणात, घाटावर असं का होत नाही?

---

निळी_खिडकी

सुंदर लिहिलंय. वाचनखूण साठवली. आईंचा नकाशा जपून ठेवा.

---

प्रवासी_पाय

लेख आवडला, पण दुसरी बाजू मांडतो. मागच्या वर्षी कुटुंबासह एका 'हेरिटेज' म्हणवणाऱ्या ठिकाणी राहिलो. गाव आणि नाव सांगत नाही. लिफ्ट नाही, दोन सामानाच्या बॅगा आणि वडिलांचे गुडघे. रात्रभर वरच्या खोलीतली पावलं. भिंतीला ओल, गरम पाणी सकाळी आठपर्यंतच. दर मात्र शहरातल्या चांगल्या हॉटेलच्या वर. मला प्रामाणिकपणे कळत नाही की गैरसोयीचे जास्त पैसे का द्यायचे? ज्यांच्याबरोबर म्हातारी माणसं किंवा तान्ही मुलं आहेत त्यांनी आधी नीट चौकशी करावी, एवढंच म्हणणं आहे.

---

माजघर

@प्रवासी_पाय, तुमचं म्हणणं अगदी रास्त आहे. मी फोनवर तीन गोष्टी विचारल्या होत्या : जिन्याला किती पायऱ्या, कठडा दोन्ही बाजूंना आहे का, आणि तळमजल्यावरची खोली मिळेल का. तळमजला रिकामा नव्हता, पण पायऱ्या कमी आणि रुंद होत्या म्हणून आईला जमलं. पावलांचा आवाज आम्हालाही आला. ओल मात्र नव्हती.

---

चुनेगच्ची

ओल नव्हती यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जांभा हा सच्छिद्र दगड. पावसाळ्यात तो जमिनीतून आणि हवेतून पाणी ओढून घेतो. चुन्याचा गिलावाही सच्छिद्र असतो, त्यामुळे पाऊस संपला की ते पाणी भिंतीच्या दोन्ही बाजूंनी हळूहळू उडून जातं. जुनी घरं दरवर्षी अशी भिजतात आणि वाळतात, त्यात त्यांना काहीच होत नाही. गडबड होते सिमेंटने. जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की पाण्याची बाहेर पडायची वाट बंद. मग ते आतल्या आत वर चढतं, बरोबर क्षार नेतं, आणि जिथे सुकायला जागा मिळेल तिथे ते क्षार फुलतात. त्यालाच आपण लोणा लागला म्हणतो. गिलाव्याचे पापुद्रे सुटतात, मालक पुन्हा सिमेंट लावतो, ओल आणखी दोन फूट वर. @प्रवासी_पाय, तुम्ही पाहिलेली ओल बहुतेक अशीच मागून आलेली असणार.

तेलकट किंवा प्लास्टिक रंगाचंही तेच. चुन्याच्या रंगातून भिंत श्वास घेते, पण तो टिकत नाही. पणजीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यात चुन्याचा रंग धुपणारच. गोव्यात पावसाळ्यानंतर घराला दरवर्षी रंग काढायची रीत पोर्तुगीज काळापासून आहे. लोक तिच्याकडे हौस म्हणून बघतात. मला ती देखभालीची शिस्त वाटते. दरवर्षी रंग काढायचा म्हणजे दरवर्षी प्रत्येक भिंतीवरून हात फिरतो, कुठे भेग पडली, कुठे वाळवीची माती दिसली, ते वेळेवर कळतं.

ओळखायचं कसं? खोलीत शिरल्यावर भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांकडे बघा. तिथे नवी फरशी उभी चिकटवलेली असेल किंवा लाकडी फळ्यांनी झाकलं असेल, तर मागे काहीतरी लपवलंय असं समजा. कोपरे बघा. चुन्याचे कोपरे किंचित गोलसर असतात, सुरीसारखे धारदार नसतात. छताला पीओपी असेल तर वरचे वासे कुठे गेले ते विचारा. आणि सरळ विचारा, चुना कुठून आणला? ज्याने खरंच काम करून घेतलंय तो माणूस या प्रश्नावर अर्धा तास बोलतो. कळीचा चुना विझवायचा, कित्येक आठवडे मुरवायचा, वाळू घालून चुना दळायच्या घाणीत मळायचा, गूळ किंवा हिरड्याचं पाणी घालायचं, हे सगळं तो सांगेल. किनाऱ्यावर पूर्वी शिंपले भाजूनच चुना करत. आता ते करणारे हात फार थोडे उरलेत. काम महाग पडतं ते त्यामुळे. खोलीच्या दरात तो पैसा असतो, निदान असायला हवा.

---

निळी_खिडकी

+१. घरी आल्यावर आधी आमच्या फ्लॅटचे कोपरे बघितले.

त्या शिंपल्यांबद्दल कुणी सांगेल का? अजून मिळतात?

---

तिसवाडीकर

मी सांगतो. माझं घर मळा या भागात, फोंतेन्हासला लागूनच.

ते शिंपले आमच्याकडे चिखलीच्या खाडीत सापडतात, वास्कोच्या बाजूला. चपटे, जवळजवळ पारदर्शक. काच महाग होती तेव्हा घरोघरी तेच. आता ती जात कायद्याने संरक्षित आहे, गोळा करता येत नाही. त्यामुळे दुरुस्ती करणारे जुन्या मोडलेल्या घरांतल्या खिडक्या शोधत फिरतात. एका घराची खिडकी वाचते ती बहुतेक वेळा दुसरं घर पडलेलं असतं म्हणून.

माजघरताई, तुम्ही आमच्या वस्तीबद्दल मायेने लिहिलंत, देव बरें करूं. काही गोष्टी जोडतो.

इथली जमीन मूळची पाणथळ, माडांची. मोझांबिकमध्ये पैसा करून आलेल्या आंतोनिओ जुआंव द सिकेराने अठराव्या शतकाच्या अखेरीस ती भरून घेतली. मोझांबिकवरून लोक त्याला मोस्मीकार म्हणायचे. आल्तिन्हो टेकडीच्या पायथ्याला फेनिक्सची झर आहे, तिच्यावरून फोंतेन्हास हे नाव. सेंट सेबॅस्टियनच्या कपेलात (लहान चर्चमध्ये) गेला असाल तर तिथला क्रूस आठवत असेल, त्यावरच्या येशूचे डोळे उघडे आहेत. तो क्रूस मूळचा जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यातला. १८१२ साली इन्क्विझिशन बंद झालं, मग तो पणजीला आदिलशहाच्या जुन्या राजवाड्यात आला आणि १९१८ साली इथे. आणि त्याच टेकडीवर वर आमचा मारुती. जत्रेच्या दिवसांत फोंतेन्हासच्या बाल्कांवांतून (दारापुढच्या ओट्यांवरून) मारुतीगडावरचे दिवे दिसतात. 'पोर्तुगीज वस्ती' एवढंच ऐकून येणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही.

आता मनातलं. गेली काही वर्षं आमच्या गल्ल्यांत फोटो काढायला येणाऱ्यांची रीघ लागते. लग्नाआधीचे फोटो, कपडे बदलायला आमचीच पायरी. एका शेजारणीच्या दारात, ती आत आजारी असताना, चार मुली तासभर वेगवेगळ्या पोझमध्ये उभ्या होत्या. तिने दार उघडलं तर तिलाच बाजूला व्हायला सांगितलं. म्हणून 'फोटो काढू नये' असे फलक लागलेत. ते वाचून लोक आम्हाला तुसडे म्हणतात. ही घरं आहेत हो, आत माणसं राहतात, जेवतात, मरतात.

तरी हॉटेलांवर माझा राग नाही, हे मुद्दाम लिहितो. रात्री मुक्कामाला राहणारा माणूस वेगळा वागतो. तो सकाळी पोदेराच्या (पाववाल्याच्या) भोंग्याने उठतो, त्याच्याकडून पोई (गोव्याचा पाव) घेतो, ३१ जानेवारी रस्त्यावरच्या बेकरीत जातो, आम्हाला बघून मान हलवतो. तिसऱ्या दिवशी तो आमच्या दारासमोर हळू आवाजात बोलतो.

---

माजघर

@तिसवाडीकर, पोदेराचा भोंगा! ते लिहायचं राहूनच गेलं. आई रोज खाली जाऊन स्वतः दोन पोया घ्यायची. हॉटेलात नाश्ता होता तरीही.

फोटोंबद्दल वाचून वाईट वाटलं. आम्हीही एका निळ्या घरासमोर उभं राहून एक फोटो काढला होता, न विचारता. पुढच्या वेळी विचारेन.

---

सदाशिवपेठी

घाटावर का होत नाही, या प्रश्नावर. आमचा वाडा सदाशिव पेठेत होता. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठली. चौदा बिऱ्हाडं आणि त्यांच्या भाड्यातून वर्षाची कौलंही शाकारून होत नसत. मालक दुरुस्ती करेना, कारण पैसा नाही. भाडेकरू करेनात, कारण घर त्यांचं नाही. कुणी एक वाईट नव्हतं. शेवटी पावसात मागची भिंत पडली आणि मग इमारत झाली. पुण्यातल्या कितीतरी वाड्यांची हीच कथा. अशा वाड्याचं हॉटेल करायला आधी तो एका हातात तरी यावा लागतो.

ज्यांचं आलं एका हातात, त्यांचं झालंही. सासवडच्या बाजूला जाधवगड आहे, पिलाजी जाधवरावांनी १७१० साली बांधलेली गढी. आता तिथे हॉटेल आहे. आम्ही आई-वडिलांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला गेलो होतो. बुरूज आणि दरवाजा बघून वडील लहान मुलासारखे फिरत होते. आत नवं बांधकाम बरंच आहे, पण गढी उभी आहे ही गोष्ट माझ्या लेखी मोठी.

सावंतवाडीच्या राजवाड्यातही आता राहता येतं. तिथे राहाल तर गंजिफा करणाऱ्या कलाकारांना काम करताना नक्की बघा. गोल पत्ते, लाखेचं काम. शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसल्यांनी ती कला जवळजवळ संपताना धरून ठेवली. राजवाडा आणि ती कला एकाच छपराखाली आहेत, म्हणून तिथला मुक्काम मला जास्त भावला.

---

तिसवाडीकर

@सदाशिवपेठी, आमच्याकडे अडचण दुसऱ्या बाजूने येते. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून इथे नियम आहे की मुलांना वारसा नाकारता येत नाही, आता निम्मी मालमत्ता वारसांसाठी राखीव. मुलगा-मुलगी सारखे. नियम न्यायाचाच आहे. पण तीन पिढ्यांनी एका घराला तीस मालक होतात, त्यातले काही लिस्बनला, काही मुंबईत, काही कॅनडात. इन्व्हेंटरीचा (वारसांतल्या वाटणीचा) खटला वर्षानुवर्षं चालतो. तोवर दाराला कुलूप आणि कौलांतून पिंपळ. फोंतेन्हासमध्ये जे घर दुरुस्त झालेलं दिसतं, तिथे आधी कुणीतरी सगळ्या चुलतभावंडांच्या सह्या गोळा केलेल्या असतात, असं समजायला हरकत नाही.

---

तेजूकाठ

लिस्बनचं नाव आलं म्हणून लिहिते, नोकरीनिमित्त तिथेच राहते. पोर्तुगालात 'पौझादा' नावाची सरकारने सुरू केलेली साखळी आहे, पहिली १९४२ साली एल्वशला. पुढे किल्ले, मठ यांतही पौझादा झाल्या. मी एव्हराच्या जुन्या मठात राहिले आहे, अगदी दाराबाहेर रोमन देवळाचे खांब. खोली म्हणजे भिक्षूची कोठडी. तेवढीच लहान, कारण भिंती हलवलेल्या नाहीत. पहिल्या रात्री कोंदट वाटलं, दुसऱ्या रात्रीपासून बरं वाटू लागलं. तिथे एक गोष्ट लक्षात आली, गावातल्या लोकांना अंगणात येऊन बसता येतं, कॉफी पिता येते. मठ गावाचा राहिलाय. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी फाटकावरच रखवालदार अडवतो, ते मला खटकतं.

---

राजापूरची_गंगा

धागा तीन दिवस वाचतेय, आज लिहायचं धाडस करते.

आमचं घर राजापूर तालुक्यात आहे. जांभ्याचं, दोन सोप्यांचं, पणजोबांनी बांधलेलं. सध्या बंद. वर्षातून दोनदा गणपतीला आणि मे महिन्यात उघडतो. आम्ही पाच भावंडं. दोघांना विकायचं आहे, दोघांना नाही आणि मला ठरवता येत नाही. एका ओळखीच्या माणसाने सुचवलं, हॉटेल करा, आतून सगळं नवं करून देतो, बाहेरून जुनं ठेवू. वरचे वाक्य-वाक्य वाचून मला भीती वाटायला लागलीय. कुठून सुरुवात करायची?

---

चुनेगच्ची

ताई, आधी त्या माणसाला थांबवा. आतून सगळं नवं म्हणजे घर गेलंच.

सुरुवात छपरापासून. पाऊस आत येत असेल तर बाकी कशावर एक रुपया घालू नका. मे महिन्यात कौलं उतरवा, वासे तपासा. वाळवी लागलेलं तेवढंच लाकूड बदला, सगळं नाही. उरलेल्याला काजूच्या टरफलांचं तेल लावा, कोकणात जुने लोक तेच लावत. कौलं धुऊन पुन्हा तीच चढवा, फुटलेल्यांच्या जागी शेजारच्या मोडलेल्या घरांची मिळतात. मग जोत्याभोवतीचं पाणी बाहेर काढा. बऱ्याच घरांत अंगणाची माती वर्षानुवर्षं भर पडून जोत्याच्या वर गेलेली असते, ती खाली आणली तरी निम्मी ओल जाते. एवढं करून एक पावसाळा थांबा. घर काय म्हणतं ते कळेल. गिलाव्याचं नंतर बघू.

हॉटेलच करायला हवं असं नाही. केंद्र सरकारच्या हेरिटेज हॉटेल वर्गासाठी इमारत १९५० च्या आधीची आणि निदान पाच खोल्या लागतात, शिवाय मूळ रूप बदलून चालत नाही. तुमच्या घराला ते झेपेल असं वाटत नाही. राज्याच्या पर्यटन विभागाची निवास व न्याहारी योजना आहे, त्यात घर घरच राहतं आणि दोन खोल्या पाहुण्यांना देता येतात. गावात घर सांभाळणारं कुणी आहे का, हा मात्र खरा प्रश्न.

---

राजापूरची_गंगा

आहे. शेजारच्या काकी. किल्ली त्यांच्याकडेच असते, दिवा त्याच लावतात. खूप आभार. मे महिन्यात पाचही जण येतोय. आधी छप्पर, एवढं तरी सगळ्यांना पटेल असं वाटतंय.

---

प्रवासी_पाय

@राजापूरची_गंगा, खोल्या सुरू केल्यात तर तळमजल्यावरची एक माझ्या वडिलांसाठी. खरंच सांगतोय. ते मूळचे लांज्याचे.

---

माजघर

आईला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. चुनेगच्चींचा दोनदा वाचायला लावला.

राजापूरच्या ताई, तिने तुमच्यासाठी निरोप दिलाय : कौलं उतरवाल तेव्हा ती उलटी करून बघा. मंगळूरच्या कौलांवर कारखान्याचं नाव उठवलेलं असतं, कशाकशावर सालही. बासेल मिशनचा मंगळूरचा कारखाना १८६५ सालचा, तिथली कौलं सगळ्या किनाऱ्यावर जायची. आमचं वेंगुर्ल्याचं घर पाडलं तेव्हा आईने तसलं एक कौल उचलून आणलं होतं. ते आमच्या बाल्कनीत तुळशीच्या कुंडीखाली आहे, मी इतकी वर्षं तिथे बघतेय. काल तिने सांगेपर्यंत मला माहीत नव्हतं ते कुठलं आहे.